वेशीजवळचे घर

४ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्या मराठी मंडळाच्या खात्यातून सातशे छत्तीस डॉलर एका जुन्या फार्मच्या नावावर जमा झाले. माणसे बत्तीस, तिकीट तेवीस डॉलर. मी मंडळाचा खजिनदार, त्यामुळे पैसे मीच भरले. दिवाळीच्या आधीची ती सहल होती. प्रज्ञेश साळवेविषयी लिहायचे तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस कोणता असे कोणी विचारले तर मी तोच सांगेन.

प्रज्ञेश आमच्या ब्लॅकटाउनच्या घरामागे, परसातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचा. इकडे त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या चिंचखेडचा मुलगा. पुण्याला सिव्हिल इंजिनिअर झाला, मास्टर्ससाठी सिडनीला आला, हॅरिस पार्कमध्ये चौघांत एक फ्लॅट घेऊन राहिला, मिठाईच्या दुकानात मोठी पातेली घासली, आणि पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे कपड्यांची एक बॅग आणि गंजक्या खिळ्यांचा एक डबा होता. जिथे काम करी तिथले काढून टाकलेले जुने खिळे तो घरी आणायचा.

"काकू, हा बघा, दीडशे वर्षांचा आहे," तो माझ्या पत्नीला, अपर्णाला म्हणायचा. "तुमच्या बेसनलाडवाइतकाच कडक."

"मग खा तोच," अपर्णा म्हणायची, आणि वाटीत दोन लाडू घालून द्यायची.

प्रज्ञेशसारखे आम्हीही बौद्धच. पण मी मुंबईत वाढलो, बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो. गावाशी असलेला संबंध माझ्या वडिलांनीच तोडून टाकला होता, आणि ते गाव कुठले हे आमच्या घरात फारसे कोणी उच्चारत नसे. प्रज्ञेशचे तसे नव्हते. त्याला त्याचे गाव मनापासून आवडायचे. तिथली वेस, वेशीवरचे गवत, आई करुणा, वडील यादवराव, वारलेली आजी सोजरबाई, यांच्याविषयी तो तासन्‌तास बोलायचा. मला त्याचे नवल वाटायचे.

हॉक्सबरी नदीच्या काठावर, विंडसरच्या पुढे, एकोणिसाव्या शतकातले एक शेतघर आहे. त्याच्या धान्यकोठीच्या दुरुस्तीसाठी कंपनीने प्रज्ञेशला पाठवले. काम संपले, पण त्याचा पाय तिथून निघेना. शनिवारी तो तिथे येणाऱ्या लोकांना फार्म दाखवू लागला. त्याच कामात एकदा त्याच्या तळहाताला खिळा लागला आणि तो ब्लॅकटाउनच्या एका फार्मसीत गेला. काउंटरवर सुखदा इनामदार होती. नावाचा बिल्ला वाचून तो मराठीत बोलला.

"गंजलेला होता?" तिने विचारले. "टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलंय?"

"खिळा अठराशे पासष्टचा आहे. तेव्हा टिटॅनस होता का?"

"तेव्हाही होता, आणि तेव्हा माणसं मरायची. डॉक्टरकडे जा. आजच जा."

तो गेला, आणि इंजेक्शन घेतल्याचे सांगायला परत फार्मसीत आला. पुढचे वर्षभर काय झाले ते सांगायची गरज नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीतच दोघांना कळले की तिच्या वडिलांचे मूळ गाव चिंचखेडच. सुखदाने ते गाव पाहिले नव्हते. ती पाच वर्षांची असताना कुटुंब सिडनीला आले. पण तिचे वडील पद्माकरराव मंडळाच्या दर गणपतीत स्टेजवरून चिंचखेडच्या गोष्टी सांगत, आणि घरी तर रोजच. त्या दोघांना वाटले, याहून मोठी भेट बाबांना कोणती देणार? जावई, आणि तोही चिंचखेडचा! ही गोष्ट योग्य वेळी सांगायची म्हणून दोघांनी जपून ठेवली.

पद्माकरराव त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष होते. केलीव्हिलला मोठे घर, आयटीतली वरची नोकरी, बोलायला मोकळे. माणूस वाईट नव्हता. मंडळाच्या सभासद यादीतून आडनावे काढा, नुसती नावे ठेवा, असा ठराव त्यांनीच मांडला होता, आणि तो मनापासून मांडला होता. मुलगी कोणावर तरी प्रेम करते, मुलगा बौद्ध आहे, हे तिने त्यांना सांगितले होते. ते म्हणाले होते, "मुलगा कसा आहे ते सांग, बाकी मला नको सांगूस." म्हणूनच तिने मंडळाची सहल त्या फार्मवर नेली. तिथे माहिती सांगणारा मुलगा तोच, एवढे मात्र तिने वडिलांना आधी सांगितले नाही.

बस पोहोचली तेव्हा एक माणूस जास्त निघाले. पद्माकररावांच्या पत्नी विनितावहिनी यांची बहीण पुण्याहून आली होती, आणि तिचे नाव यादीत नव्हते. माझे कार्ड त्या यंत्रात चालेना. प्रज्ञेशने स्वतःचे कार्ड टेकवले.

"तुम्हाला देतो हं नंतर," पद्माकरराव म्हणाले.

"नो वरीज, सर."

त्याने सुरुवातीला त्या जमिनीच्या मूळ मालकांचे, दारुग लोकांचे स्मरण केले. मग घर दाखवले, तबेला दाखवला, आणि शेवटी सगळ्यांना कोठीच्या खिडकीसमोर आणून उभे केले. जाड फळ्यांची कोठी, आणि तिला माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर एक खिडकी.

"दर शनिवारी या खिडकीतून मजुरांना आठवड्याचं पीठ, साखर, चहा आणि मांस मिळायचं," तो सांगू लागला. "आता हे वर बघा. ही बुजवलेली खाच दिसते? खिडकी आधी इथे होती, छातीच्या उंचीवर. मालकाचं नाव प्रिंगल. त्याने ती मुद्दाम खाली आणली."

"मजूर बुटके होते की काय?" कोणीतरी म्हणाले.

"नाही. घेताना वाकावं लागावं म्हणून. या, एकेकाने घेऊन बघा."

सगळ्यांत आधी पद्माकररावच पुढे झाले. खाली वाकून त्यांनी खिडकीत हात पसरले आणि मान वर करून म्हणाले, "मायबाप, पीठ वाढा!" लोक हसले. विनितावहिनी ओरडल्या, "अहो, गुडघा! परत उठता येईल का?" सुखदाने फोटो काढला.

मग प्रज्ञेशने हॅरिएटची गोष्ट सांगितली. प्रिंगलचा नोकरांवर विश्वास नव्हता, म्हणून कोठीची चावी त्याने आपल्या मुलीकडे, हॅरिएटकडे दिली होती. मायकल डेसी हा कुंपण घालणारा आयरिश मजूर. आठवड्यातून एकदा तो या खिडकीशी यायचा. वाकल्यावर त्याला तिचे फक्त हात दिसायचे. एके दिवशी त्याने मान वर केली. त्यानंतर कोठीतला चहा लवकर संपू लागला, कारण हॅरिएट त्याला माप सांडेपर्यंत भरून द्यायची. आणि प्रिंगलच्या ते लक्षात आले.

"मग काय, गोळी घातली?" एका मुलाने विचारले.

"नाही. कोणी कोणावर ओरडलंही नाही. त्याने चावी काढून घेतली आणि हॅरिएटला बाथर्स्टला मावशीकडे पाठवून दिलं. डेसीला कामावरून काढलं नाही, कारण तो चांगला कामगार होता. तो पुढे अकरा वर्षं दर शनिवारी इथे येऊन, वाकून रेशन घेत राहिला. आत दुसराच माणूस असायचा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

पद्माकररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय माणसं असतात!" ते म्हणाले. "कातडीचा रंग एक, भाषा एक, पुस्तक एक. तरी एवढ्याशा खिडकीसाठी दोन आयुष्यं मातीत घातली."

सुखदाने तेव्हाच वडिलांचा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, हाच तो." पद्माकरराव क्षणभर गोंधळले. मग त्यांनी प्रज्ञेशचा हात दोन्ही हातांत घेतला. "अरे, मग तू मघाशी सर काय म्हणत होतास मला? काका म्हण. रविवारी घरी जेवायला ये. तुझे आईवडील इथे नाहीत, तर गांगुर्डेसाहेबांना आणि वहिनींना घेऊन ये." गांगुर्डेसाहेब म्हणजे मी.

परतीच्या वाटेवर प्रज्ञेश आमच्या गाडीत होता आणि विंडसर ते ब्लॅकटाउन त्याने तोंड मिटले नाही. रस्त्याच्या कडेची जॅकरंडाची झाडे जांभळ्या फुलांनी भरली होती आणि तो त्या झाडांचेही कौतुक करत होता.

रविवारी केलीव्हिलला जाताना अपर्णा त्याला म्हणाली, "हे बघ, त्यांनी गाव विचारलं तर तालुक्याचं नाव सांग."

आमच्यातल्या जुन्या माणसांची ही रीत आहे. गाव कोणते विचारले की तालुका सांगायचा. तालुका मोठा असतो, त्यात घर सापडत नाही.

प्रज्ञेश हसला. "काकू, गाव सांगायला कसली भीती? त्यांना माहितीये मी कोण ते. उलट तेच तर सरप्राइज आहे." आणि त्याने दोघांचे चिंचखेड एकच असल्याचे सांगितले; तोवर आम्ही ती वेगवेगळी गावे समजत होतो. अपर्णाने माझ्याकडे पाहिले. मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

जेवणाला मसालेभात होता, परसातल्या अळूची भाजी होती, आणि घरी चक्का बांधून केलेले श्रीखंड होते. पद्माकरराव पहिल्याच घासाला म्हणाले, "हे बघ प्रज्ञेश, आमच्याकडे जातबीत काही नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला जेवण नीट जाईल."

"नीटच जातंय, काका. तिसऱ्यांदा भात घेतोय."

"घे रे, घे. बारीक आहेस. सुखदा, याला फार्मसीतून काही टॉनिक दे."

"बाबा!" सुखदा म्हणाली. "तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. प्रज्ञेश, सांग ना तुझं गाव."

"चिंचखेड."

"कुठलं चिंचखेड?"

"तुमचंच, काका."

पद्माकरराव खुर्ची मागे सारून उठले. उष्ट्या हाताने त्यांनी प्रज्ञेशला मिठी मारली. "विनू, ऐकलंस का? चिंचखेड! माझ्या गावचा पोरगा!" मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शाळेपुढची विहीर अजून आहे का? बुजवली. जत्रेत कुस्त्या होतात का? होतात. वेस पडली का? अर्धी पडली, अर्धी उभी आहे. दोघे शाळकरी मुलांसारखे बोलत होते. मला वाटले, अपर्णा उगाच घाबरली.

"पण कोणाचा रे तू? घर कुठे?"

"वेशीजवळच. यादवराव साळवेंचा मुलगा."

"वेशीजवळ..." पद्माकररावांनी डोळे बारीक केले आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तू आमच्या सोजराचा नातू!"

"हो! तुम्हाला आजी आठवते?"

"आठवते म्हणजे काय! मी सुट्टीला जायचो ना गावी, तेव्हा ती सरपणाची मोळी घेऊन मागच्या दाराशी यायची. दारातून हाक मारायची, जोहार घालायची. आणि माझी आजी काय प्रेमळ होती म्हणून सांगू! सोजराला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. ताजी भाकरी, त्यावर चटणी, वरून तिच्या पदरात टाकायची आणि..."

"वरून म्हणजे?" सुखदाने विचारले. तिला खरेच कळले नव्हते. "वरून म्हणजे गॅलरीतून?"

पद्माकररावांचा हात हवेत तसाच राहिला होता, भाकरी सोडल्यावर असतो तसा, बोटे खाली केलेला. त्यांनी स्वतःच तो पाहिला आणि खाली घेतला.

"हात लागू नये म्हणून," प्रज्ञेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फार्मवर माहिती सांगतो तसेच त्याने सांगितले. "आजीने सांगितलंय मला. तिला सोजरबाई म्हणायचे."

"श्रीखंड घ्या ना," विनितावहिनी म्हणाल्या. "घरचं आहे."

श्रीखंड सगळ्यांनी घेतले. निघताना पद्माकररावांनी हात मिळवला आणि म्हणाले, "गुड नाइट, साळवे." जेवणाच्या सुरुवातीपासून ते त्याला प्रज्ञेश म्हणत होते. गाडीत बसेपर्यंत तिघांच्याही ते लक्षात आले होते.

दिवाळीनंतर पद्माकरराव मंडळाचा स्पीकर परत द्यायच्या निमित्ताने माझ्याकडे आले. स्पीकर गॅरेजमध्ये ठेवला तरी जाईनात.

"गांगुर्डेसाहेब, तुमच्यापासून काय लपवायचं. मुलगा लाखात एक आहे."

"मग?"

"दुसऱ्या कुठल्याही गावचा असता ना, तर मी उद्या तारीख काढली असती. नागपूरचा असता, कोल्हापूरचा असता. जातीचा प्रश्नच नाही हो. प्रश्न गावाचा आहे."

"गावाचा म्हणजे काय?"

"अहो, धाकटा भाऊ तिथे राहतो. आमचं घर आहे, देवघर आहे, गावात मान आहे. लग्न झालं की व्याही आमच्या ओट्यावर येऊन बसणार. ज्या दारात..." ते थांबले. "गाव काय म्हणेल? इनामदारांची नात वेस राखणाऱ्या येसकराच्या घरात गेली. शंभर वर्षं तेच सांगत बसतील."

"बसू देत की व्याह्यांना ओट्यावर. ओटा बसायलाच असतो."

"तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही मुंबईचे." ते हे चिडून म्हणाले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले. "मी पोरीला नाही म्हणणार नाही. माझ्याच्याने ते होणार नाही. पण तिने एकदा गाव बघावं. बघावं आणि मग ठरवावं."

हे मी प्रज्ञेशला सांगितले. त्याला उलट आनंद झाला. "काका, म्हणजे त्यांनी नाही म्हटलेलं नाही. तिने गाव बघितलं की झालंच." सुखदाही अपर्णाला फोनवर म्हणाली, "काकू, मी थर्टीची होईन आता. ठरवणार मी, बाबा नाही. आणि चिंचखेडला गेले की आधी प्रज्ञेशच्या घरी जाणार, मग आमच्या."

जानेवारीत पुण्याला तिच्या चुलतभावाचे लग्न होते. तिथून सगळे चिंचखेडला जाणार होते. प्रज्ञेशने आईला कळवले. त्यानंतर रोज संध्याकाळी ग्रॅनी फ्लॅटमधून त्याचे फोनवरचे बोलणे ऐकू यायचे. यादवरावांनी घराला निळा रंग दिला. करुणाबाईंनी बशांसकट सहा कप विकत आणले. एकदा त्याने फोन कानाला तसाच धरून मला विचारले, "काका, सुखदा चहात साखर किती घेते, आठवतंय का? आई विचारतेय." मला आठवत नव्हते. त्याने सुखदाला मेसेज करून विचारले आणि आईला सांगितले, अर्धा चमचा. करुणाबाईंनी तिकडून दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण अर्धा चमचा साखरेचा चहा त्या घरात कोणी कधी केला नव्हता.

ठरलेल्या दिवसानंतर आईने फोनवर सांगितले की गाडी आलीच नाही, काहीतरी अडचण झाली असेल, मोठ्या लोकांना कामे असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, तिच्यावर रागावू नकोस.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुखदा परत आली, आणि एका दुपारी आमच्याकडे आली. उकाडा भयंकर होता. ती दोघे मागे कपडे वाळत घालायच्या दांडीजवळ, खुर्च्या टाकून बसली. मी टोमॅटोला पाणी घालत होतो. मी आत जायला निघालो तर सुखदा म्हणाली, "काका, नका जाऊ. बसा ना."

"गाडी बिघडली होती का?" प्रज्ञेशने विचारले.

"कुठली गाडी?"

"आई म्हणाली, गाडी आलीच नाही."

सुखदाने मान खाली घातली. "आली होती. तुझं घर बघितलं मी. निळं आहे."

"कुठून बघितलंस?"

"गाडीतून. माझ्या काकांनी गाडी स्लो करायला सांगितली. म्हणाले, ते बघ, ते घर."

"आई होती?"

"दारात उभी होती. नवीन साडी होती बहुतेक. तिने हात केला."

"मग?"

"प्रज्ञेश, गाडीत काका होते, काकू होती, बाबा, आई, ड्रायव्हर. सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी काही बोललं नाही. बाबा पण नाही. नुसते बघत होते."

"मग तू काय केलंस?"

"मी काच खाली केली नाही." ती रडू लागली. "एक बटण होतं. आय जस्ट... मला वाटलं, परत जाताना उतरू. एकटी येईन. आणि परत जाताना ड्रायव्हरने दुसरा रस्ता घेतला आणि मी काही बोलले नाही. आणि मला बरं वाटलं. ऐकतोयस ना? दुसरा रस्ता घेतल्यावर मला बरं वाटलं."

माझ्या हातातल्या पाइपातून पाणी एकाच वाफ्यात जात होते, ते मी बंद केले.

"तू भांड ना माझ्याशी," ती म्हणाली. "काहीतरी बोल. शिव्या दे."

"कशाला?"

"आपण रजिस्टर करू. पुढच्या महिन्यात. गावाला जायचंच नाही कधी. इथेच राहायचं."

"आणि आई?"

"तिला इकडे आणू."

"तुला ओळखेल ती," प्रज्ञेश म्हणाला. "तिने काचेतून बघितलंय तुला. तरी मला म्हणाली, गाडी आलीच नाही." मग म्हणाला, "अर्धा चमचा साखर. तेवढं पाठ केलं होतं गं तिने."

सुखदा गेल्यावर अपर्णा त्याच्यासाठी ताक घेऊन गेली. त्याने ते घेतले, ग्लास धुऊन परत आणून दिला, आणि त्यानंतर दोन दिवस त्याच्या खोलीचा दिवा लागला नाही. मला वाटले होते की दोघे पुन्हा बोलतील. बोललेही. सुखदाचे मेसेज यायचे, तो उत्तरे द्यायचा, व्यवस्थित, काळजीपूर्वक. त्यात राग असता तर काही आशा धरता आली असती. हळूहळू मेसेज कमी झाले.

शनिवारी फार्मवर जाणे त्याने काही महिने चालू ठेवले. मी एकदा माझ्या ऑफिसातल्या पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. त्याने तबेला दाखवला, घर दाखवले, कोठीपाशी आला, पीठ, साखर, चहा सांगितले. खिडकीशी कोणाला वाकायला लावले नाही. एका बाईने वेबसाइटवर वाचून हॅरिएटची गोष्ट विचारली. तो म्हणाला, "ती इथून बाथर्स्टला गेली," आणि पुढे चालू लागला.

जूनमध्ये त्याने आमची जागा सोडली. पश्चिमेकडे, सिडनीपासून दिवसभराच्या अंतरावर, एका खाणीच्या गावात जुन्या रेल्वे इमारतींचे काम होते. तिथे जायला कंपनीत कोणी तयार नव्हते. याने नाव दिले. खिळ्यांचा डबा तो विसरला असे आम्हाला वाटले, म्हणून अपर्णाने फोन केला. तो म्हणाला, "विसरलो नाही, काकू. रिसायकलिंगच्या डब्यात टाका."

अपर्णाने तो टाकलेला नाही. गॅरेजमध्ये आहे.

गेल्या वर्षी सुखदाचे लग्न झाले. नवरा सारंग, केलीव्हिलचाच, चांगला मुलगा आहे. आम्हाला आमंत्रण होते, आम्ही गेलो. सुखदा वाकून अपर्णाच्या पाया पडली आणि उठताना तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. अपर्णाने ते मला अजून सांगितलेले नाही. पद्माकररावांच्या भावाने चिंचखेडहून माती आणली होती आणि ती बोहल्याखाली घातली होती. पद्माकररावांनी ते स्टेजवरून सर्वांना सांगितले आणि त्यांचा आवाज भरून आला.

प्रज्ञेश सणावाराला फोन करतो. तीन वर्षांत तो गावी गेलेला नाही. वडील आजारी होते तेव्हाही पैसे पाठवले, गेला नाही. करुणाबाई अपर्णाला कधीतरी फोन करतात आणि विचारतात, पोरगा जेवतो का, कोणी मैतर आहे का तिकडे. मुलीचा विषय त्या काढत नाहीत. गाडी आली नाही, असेच त्या अजून म्हणतात.

मागच्या महिन्यात अपर्णाने त्याला विचारले, "तिकडे आपली माणसं आहेत का रे कोणी?"

"आहेत. दोन मराठी फॅमिली आहेत. एक डॉक्टर आहेत, जेवायला बोलावतात."

"चांगलं आहे मग."

"हो. गाव विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "तालुका सांगितला."

यंदा मंडळाची सहल पुन्हा त्याच फार्मवर न्यावी, असे पद्माकररावांनी सुचवले आहे. नव्या सभासदांनी ती खिडकीची गोष्ट ऐकायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे आहे. मी तिकिटांची चौकशी केली आहे. दर तीन डॉलरने वाढला आहे.

मागच्या सहलीतले विनितावहिनींच्या बहिणीच्या तिकिटाचे तेवीस डॉलर पद्माकररावांकडून प्रज्ञेशला अजून येणे आहेत.